रेगनचा देव्हारा

वाटसरू_७४ (धागाकर्ता)

बाबा सध्या आमच्याकडे लॉस एंजेलिसला आलेत. डिस्नेलँडमध्ये त्यांना रस नाही, विमानांत मात्र भारी रस. म्हणून गेल्या शनिवारी त्यांना सिमी व्हॅलीच्या रेगन लायब्ररीत घेऊन गेलो (रोनाल्ड रेगन, अमेरिकेचा माजी अध्यक्ष). नाव लायब्ररी, पण प्रकार म्हणजे संग्रहालय, समाधी आणि देऊळ असं तिन्ही. जागा टेकडीवर, समोर मोकळी दरी, आत जुनं एअर फोर्स वन उभं. हे बोइंग ७०७ निक्सनपासून धाकट्या बुशपर्यंत सात अध्यक्षांनी वापरलं. बाबा त्याच्याखाली वीस मिनिटं मान वर करून उभे होते.

बाहेर बर्लिनच्या भिंतीचा एक तुकडा आहे. तिथे एक स्वयंसेवक आजीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या की ही भिंत रेगनने पाडली. बाबा मला म्हणाले, "अरे, भिंत पडली तेव्हा मी इलेक्शन ड्युटीच्या ट्रेनिंगला होतो, म्हणजे नोव्हेंबर ८९. तेव्हा बुश होता की!" आजीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही.

घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो, त्यातून हा धागा. सोव्हिएत नेत्याला उद्देशून रेगनने म्हटलेलं "मिस्टर गोर्बाचेव्ह, ही भिंत पाडा" हे वाक्य १२ जून १९८७ चं, बर्लिनच्या ब्रँडेनबुर्ग गेटसमोरचं. लिहिलं पीटर रॉबिन्सन नावाच्या तरुण भाषणलेखकाने. परराष्ट्र खातं आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषद दोघांनीही ते गाळा म्हणून तगादा लावला होता. रेगनने ठेवलं, हे श्रेय त्याचंच. पण तेव्हा ते भाषण फारसं गाजलं नाही. ते 'ऐतिहासिक' झालं भिंत पडल्यावर, टीव्हीवर पुन्हापुन्हा दाखवून. आणि भिंत पडली कशी? हंगेरीने सीमा उघडली, लाइपझिगच्या रस्त्यांवर दर सोमवारी माणसं उतरत होती, गोर्बाचेव्हने रणगाडे धाडले नाहीत. शेवटी ९ नोव्हेंबरला पूर्व जर्मनीचा प्रवक्ता शाबोव्स्की पत्रकार परिषदेत हातातला कागद नीट न वाचताच बोलून गेला की प्रवासाची मुभा 'ताबडतोब' लागू. लोक नाक्यावर जमले आणि बोर्नहोल्मर स्ट्रासच्या अधिकाऱ्याने वरून हुकूम नसताना फाटक उघडलं. या सगळ्यात कॅलिफोर्नियाच्या टेकडीवरचा माणूस कुठे बसतो? बसतो, पण एका कोपऱ्यात.

तर प्रश्न असा: रिपब्लिकन मंडळी ज्याच्या नावाने शपथा घेतात तो रेगन आणि १९८१ ते ८९ व्हाइट हाउसमध्ये राहिलेला रेगन, हे दोघे एकमेकांना ओळखतील का?

~~~

कडीपत्ता

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. बाबांना नमस्कार सांगा.

~~~

जुना_खेळाडू

वाटसरू, लेख चांगला आहे, पण तू तेव्हा इथे नव्हतास. मी १९८० च्या ऑगस्टमध्ये मिशिगनला आलो. खिशात डॉलर मोजके, थंडीचा कोट उसना. कार कारखान्यांत रोज कपात. इराणमध्ये ५२ ओलीस, टीव्हीवर रोज दिवसांचा आकडा. महागाई तेरा टक्क्यांच्या वर. ८१ च्या ऑक्टोबरमध्ये घरकर्जाचा दर साडेअठरा टक्क्यांवर गेला होता, आजच्या पोरांना खोटं वाटतं. आणि तेव्हाचे अध्यक्ष कार्टर स्वेटर घालून सांगायचे, घरातलं तापमान कमी ठेवा.

मग हा माणूस आला. गोळी लागली, ऑपरेशन टेबलावर डॉक्टरांना म्हणाला, "तुम्ही सगळे रिपब्लिकन असाल अशी आशा करतो." डॉक्टर डेमोक्रॅट, तरी त्याने उत्तर दिलं, "आज आम्ही सगळे रिपब्लिकन आहोत." सत्तरीचा माणूस मरणाच्या दारात विनोद करतो म्हटल्यावर देश कसा प्रेमात पडणार नाही? ८४ मध्ये ५० पैकी ४९ राज्यं जिंकला. समोरच्या माँडेलला स्वतःचं मिनेसोटा आणि राजधानीचं शहर, एवढंच. ५२५ मतं काय जाहिरातीने मिळतात?

८६ मध्ये आम्ही पहिलं घर घेतलं. बँकेत कागदांवर सह्या करताना मागच्या भिंतीवर रेगनचा हसरा फोटो होता, अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्हाला आकडे दिसतात, मला हप्ता आठवतो.

~~~

हिशेबनीस

काका, हप्त्याला मान देऊन थोडा हिशेब.

महागाई मोडली ती फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या पॉल व्होल्करने, व्याजदर आभाळाला नेऊन. त्याला नेमलं कार्टरने, १९७९ साली. म्हणजे तुमच्या साडेअठरा टक्क्यांत आणि नंतरच्या स्वस्ताईत माणूस एकच. रेगनचं श्रेय हे की मंदीत स्वतःचे लोक बोंब मारत असताना त्याने व्होल्करला रोखलं नाही आणि ८३ मध्ये पुन्हा नेमलं. हे श्रेय मोठं आहे. पण भक्त ते सांगत नाहीत, कारण मग ८२ च्या अखेरची पावणेअकरा टक्के बेकारी सांगावी लागेल, मधल्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहात गमावलेल्या २६ जागा सांगाव्या लागतील, आणि ८३ च्या जानेवारीत गॅलपच्या चाचणीत त्याची लोकप्रियता ३५ टक्क्यांवर आली होती तेही.

कराचं तर सत्यनारायणाच्या कथेसारखं झालंय. ऐकलं तर पुण्य, विचारलं तर कोप. सर्वांत वरचा दर ७० टक्क्यांवरून आधी ५० आणि मग २८ वर आणला हे खरं. पण ८१ ची कपात फार झाली हे लक्षात आल्यावर त्याने ८२ मध्ये कर वाढवले, ८३ मध्ये सोशल सिक्युरिटीसाठी (सरकारी पेन्शन) वाढवले, ८४ मध्ये पुन्हा. एवढं करूनही राष्ट्रीय कर्ज आठ वर्षांत जवळजवळ तिप्पट. त्याच्याआधी कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर असताना पहिल्याच वर्षी राज्याच्या इतिहासातली मोठी करवाढ केली, आणि त्याच १९६७ मध्ये गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर आणि रस्त्यात भरलेली बंदूक घेऊन हिंडायला बंदी घालणाऱ्या कायद्यावरही सह्या. आज असा माणूस त्याच्या पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत आयोवाच्या, म्हणजे पहिल्याच फेरीच्या, पुढे जाईल का?

~~~

बाभूळ

+१. आणि ८६ चा इमिग्रेशन कायदा राहिला. कागदपत्रं नसलेल्या सुमारे २७ लाख लोकांना त्यातून कायदेशीर दर्जा मिळाला. त्याला माफी म्हणायला रेगन स्वतः कचरत नव्हता. आता तो शब्द शिवीसारखा वापरतात, आणि वापरणाऱ्याच्या मागे फोटो रेगनचाच.

~~~

कोकमसरबत

मी इथे रुग्णालयात काम करते, आमच्याकडे ज्येष्ठ नर्सेस आहेत. त्यांच्यासमोर रेगनचं नाव काढून बघा.

एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद ५ जून १९८१ ला प्रसिद्ध झाली. रेगनने तो शब्द जाहीरपणे उच्चारला सप्टेंबर १९८५ मध्ये, तेही पत्रकाराने विचारलं म्हणून. त्यावर पूर्ण भाषण केलं मे १९८७ मध्ये, तोवर वीस हजारांहून जास्त अमेरिकन गेले होते. मधल्या काळात त्याचा प्रवक्ता लॅरी स्पीक्स पत्रकार कक्षात या विषयावर थट्टा करायचा आणि पत्रकार हसायचे. त्याच्या ध्वनिफिती आहेत. एकदा ऐका आणि मग 'ते दिवस किती सभ्य होते' म्हणा. त्याच सरकारचा सर्जन जनरल (सार्वजनिक आरोग्याचा प्रमुख) कूप मात्र कट्टर धार्मिक असूनही ८६ मध्ये कंडोमबद्दल स्पष्ट लिहून गेला. त्याचा पुतळा कुणी मागत नाही.

काका, राग मानू नका. तुमचं घर झालं याचा आनंदच आहे.

~~~

जुना_खेळाडू

राग नाही बाळा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. वाचलं होतं, पान उलटलं होतं.

~~~

चाफेकळी

जरा घाई आहे, पण हे टाकते. रेगनने तालिबानला बोलावून त्यांना अमेरिकेच्या संस्थापकांच्या तोडीचे म्हटलं होतं, फोटोसकट व्हॉट्सअॅपवर आहे. पगडीवाले लोक ओव्हल ऑफिसात बसलेत. याच्यापुढे बाकी सगळं किरकोळ.

~~~

हिशेबनीस

तो फोटो खरा आहे, ओळ चिकटवलेली आहे. फोटो १९८३ चा, अफगाण मुजाहिदीनांबरोबरचा. तालिबान ही संघटना तेव्हा नव्हतीच, ती ९४ ची. संस्थापकांच्या तोडीचे वगैरे तो म्हणाला ८५ मध्ये, निकाराग्वाच्या काँट्रा बंडखोरांबद्दल. तेही भयंकरच आहे, पण वेगळं भयंकर. एकाने देव केला म्हणून दुसऱ्याने राक्षस करायचा, तोही उधारीच्या मालातून, हे काही बरं नव्हे.

~~~

चाफेकळी

अरे बापरे. आमच्या शाळेच्या ग्रुपवर मीच टाकला होता. डिलीट फॉर एव्हरीवनची मुदत गेली.

~~~

रात्रपाळी

काँट्रांचा विषय निघालाच आहे तर: लेबनॉनमधले ओलीस सुटावेत म्हणून इराणला चोरून क्षेपणास्त्रं विकायची आणि त्यातला पैसा काँट्रांकडे वळवायचा, जिथे पैसा द्यायला संसदेने बंदी घातली होती. हे बाहेर आलं नोव्हेंबर ८६ मध्ये. मार्च ८७ च्या भाषणात रेगन काय म्हणाला ते मला कायम विलक्षण वाटतं. सारांश असा: ओलिसांच्या बदल्यात मी शस्त्रं दिली नाहीत असं तुम्हाला सांगितलं होतं, माझं मन अजूनही तेच म्हणतं, पण पुरावे सांगतात की दिली. स्वतःच्याच गैरसमजाविरुद्ध साक्ष देणारा नेता! भक्तांनी हा प्रसंग खरं तर मिरवायला हवा, पण देव्हाऱ्यात तो बसत नाही.

आता पुण्याची गोष्ट. भारताला ऐंशीच्या दशकात क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. राजीव गांधी जून ८५ ला वॉशिंग्टनला आले तेव्हापासून हा विषय चालू. हवामानाच्या अंदाजासाठी द्यायला रेगन सरकार तयार झालं, पण मागितल्यापेक्षा कमी ताकदीचा, आणि अटी अशा की कोण कुठे हात लावतो त्यावर पहारा. अणुकार्यक्रमाची भीती. मग ८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था निघाली, विजय भटकरांच्या हाती सूत्रं, आणि ९१ मध्ये परम ८००० हा आपला महासंगणक तयार. माझा मामा तेव्हा विद्यापीठात होता. आमच्या घरी रेगनला शिव्याच मिळायच्या आणि वर मामा म्हणायचा, 'त्याने नाही म्हटलं ते बरंच झालं.'

त्याच वर्षांत पाकिस्तानला एफ-१६ आणि अब्जावधींची मदत. त्यांच्याकडे अणुबॉम्ब नाही असं प्रमाणपत्र ८५ नंतर दर वर्षी अध्यक्षाने द्यायचं, असा नियम होता. रेगन देत राहिला. लॉस एंजेलिसच्या टेकडीवर हे दालन आहे का रे, वाटसरू?

~~~

वाटसरू_७४

मला तरी दिसलं नाही. जेली बीनच्या गोळ्यांचं होतं.

~~~

माळीबुवा

आपल्याकडे 'आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या' म्हणणारे काय कमी आहेत? त्यांच्यातल्या निम्म्यांनी तेव्हा गाडीने प्रवासही केला नसेल. मला तर वाटतं आत्ताच्या

~~~

व्यवस्थापक

माळीबुवा, आजच्या भारतीय राजकारणावरचा उरलेला भाग काढला आहे. त्यासाठी वेगळे धागे आहेत, आणि तेही बंद आहेत.

~~~

बाभूळ

:) देव्हारा आपोआप उगवला नाही, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९९७ मध्ये करविरोधी चळवळीतल्या ग्रोव्हर नॉरक्विस्टने 'रोनाल्ड रेगन लेगसी प्रोजेक्ट' काढला. देशात तीन हजारांवर काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आहेत, त्या प्रत्येकीत रेगनच्या नावाचं काहीतरी हवं: शाळा, रस्ता, पूल, काहीही. वेळ पाहा. क्लिंटन पुन्हा निवडून आलेला, अर्थव्यवस्था जोरात, त्याने करही वाढवलेले. रेगन स्वतः अल्झायमरने घरात. नोव्हेंबर ९४ मध्ये त्याने देशाला पत्र लिहून निरोप घेतला होता (ते पत्र खरंच सुंदर आहे, मी विरोधक असून सांगते). माणूस हयात, पण मध्ये बोलायला उरला नाही.

पहिलं यश म्हणजे फेब्रुवारी ९८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाला दिलेलं नाव. ज्याने ऑगस्ट ८१ मध्ये अकरा हजारांहून जास्त हवाई वाहतूक नियंत्रकांना संपाबद्दल एका झटक्यात काढून टाकलं, त्याचं नाव विमानतळाला! नियंत्रकांच्या त्या संघटनेने ८० मध्ये त्यालाच पाठिंबा दिला होता. सही केली क्लिंटनने. स्थानिक सरकारांना नको होतं. नंतर मेट्रो स्टेशनांच्या पाट्या बदलायला अमेरिकी काँग्रेसने वेगळा दट्ट्या लावला. मी तिथे नऊ वर्षं राहिले, जुनी माणसं अजून 'नॅशनल'च म्हणतात, जसं आपण व्हीटी म्हणतो.

त्याच वर्षी राजधानीत रेगन बिल्डिंग उघडली. संघराज्य सरकारच्या इमारतींत हिच्याहून मोठं फक्त पेंटॅगॉन. 'सरकार हीच समस्या आहे' म्हणणाऱ्याला केवढी ही दक्षिणा! तसं ते वाक्यही अर्धंच फिरतं. मूळ वाक्याची सुरुवात 'सध्याच्या या संकटात' अशी होती. तेवढे शब्द पोस्टरवर मावत नाहीत.

~~~

वाटसरू_७४

बाभूळ, हे भारी. यात माझी एक भर: २००३ मध्ये काही खासदारांनी दहा सेंटच्या नाण्यावरून फ्रँकलिन रूझवेल्टला काढून रेगनला बसवा अशी मागणी केली. रूझवेल्ट तिथे आहे पोलिओच्या वर्गणीमुळे, लोकांनी दहा-दहा सेंट पाठवून तो निधी उभा केला होता. ती मागणी मोडली नॅन्सी रेगनने. म्हणाली, मला हे मान्य नाही आणि रॉनीलाही नसतं. रेगनने तरुणपणी रूझवेल्टला चारही वेळा मत दिलं होतं. १९६२ पर्यंत तो डेमोक्रॅटच होता, आणि त्याआधी नट-नट्यांच्या कामगार संघटनेचा अध्यक्ष.

~~~

जुना_खेळाडू

तुम्ही सगळे मिळून मला रेगन अधिकच आवडायला लावताय हे कळतंय का?

कर वाढवले, शत्रूशी बोलला, चुकलं तर कबूल केलं, परक्यांना कागद दिले. गोर्बाचेव्हबरोबर डिसेंबर ८७ ला क्षेपणास्त्रांचा करार केला तेव्हा त्याच्याच उजव्या बाजूच्या लोकांनी त्याला रशियाच्या हातचं बाहुलं म्हटलं. मला आठवतंय, ऑफिसात आमचा एक सहकारी रेगनचा फोटो टेबलावरून काढून ड्रॉवरमध्ये टाकताना म्हणाला, म्हातारा विकला गेला. रशियाला तो आधी दुष्ट साम्राज्य म्हणायचा. पुढच्या मे महिन्यात मॉस्कोत कुणीतरी विचारलं, अजूनही हे दुष्ट साम्राज्य वाटतं का? म्हणाला, नाही, तो काळ वेगळा होता. ९१ नंतर त्या सहकाऱ्याचा फोटो पुन्हा टेबलावर, मोठ्या चौकटीत.

~~~

हिशेबनीस

काका, हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. 'विश्वास ठेवा, पण पडताळा' ही त्याची लाडकी म्हण तीही रशियनच. एका अमेरिकन लेखिकेने शिकवली होती आणि तो ती गोर्बाचेव्हला इतक्यांदा ऐकवायचा की तो वैतागायचा.

~~~

शेवगा

उशिरा आले. अलीकडचा एक प्रसंग कुणी घेतला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो सरकारने अमेरिकन टीव्हीवर जाहिरात दिली. तिच्यात आवाज रेगनचा, २५ एप्रिल १९८७ च्या रेडिओ भाषणातला: आयातशुल्क दीर्घकाळात प्रत्येक अमेरिकनाचं नुकसान करतं. ट्रम्प एवढे भडकले की कॅनडाशी व्यापाराची बोलणी तोडली, जाहिरात खोटी आहे म्हणाले. रेगन फाउंडेशननेही हरकत घेतली. वाक्यं सगळी रेगनचीच होती, क्रम बदललेला होता. पण मजा पुढे आहे. ते भाषण रेगनने केलंच मुळी काही जपानी मालावर १०० टक्के शुल्क का लावतोय हे समजावून सांगायला! ८३ मध्ये हार्ले-डेव्हिडसनसाठी जपानी मोटारसायकलींवर शुल्क लावणाराही तोच. म्हणजे दोन्ही बाजूंना हवा तो रेगन एकाच टेपमध्ये.

आणि 'अमेरिकेला पुन्हा महान करूया' ही घोषणा ८० च्या प्रचारात त्याचीच होती, हे माझ्या मुलाला सांगितलं तर त्याला मीच फेक न्यूज वाटले.

~~~

कोकमसरबत

हा आजार फक्त रिपब्लिकनांना नाही. माझ्या कट्टर डेमोक्रॅट मैत्रिणी आता धाकट्या बुशबद्दल हळव्या होतात. सिनेटर मॅकेनच्या अंत्यविधीत त्याने मिशेल ओबामाच्या हातात हळूच खोकल्याची गोळी सरकवली, तो व्हिडिओ बघून 'किती गोड माणूस'. चित्रं काढतो म्हणे. अगं, इराक? नसलेली शस्त्रं? कत्रिनात बुडालेलं न्यू ऑर्लिन्स? आफ्रिकेत एचआयव्हीच्या औषधांसाठी २००३ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमाचं श्रेय त्याला मीही देते, लाखो जीव वाचले. पण मैत्रिणींना तो कार्यक्रम माहीत नाही. त्यांना ती गोळी माहीत आहे.

~~~

कडीपत्ता

पॉपकॉर्न संपलं. वाटसरू, बाबांना काय वाटलं शेवटी ते लिही की.

~~~

वाटसरू_७४

बाबांनी सगळा धागा वाचला, चष्मा पुसून दोनदा. म्हणाले, विमान उत्तम ठेवलंय. दुकानातून त्यांनी जेली बीनचा डबा घेतलाय, सांगलीला त्यांच्या बँकेतल्या मित्रांसाठी. त्या आजीबाईंशी भिंतीबद्दल बोलायला पुन्हा जायचं म्हणतात. म्हणजे भाषांतर मलाच.

~~~

जुना_खेळाडू

काल अडगळीतली फाईल काढली. ऑक्टोबर ८६, व्याजदर सव्वादहा टक्के, तीस वर्षं. बायकोला म्हटलं, आठवतंय, सह्या करताना भिंतीवर रेगन होता? म्हणाली, रेगन नव्हे, बँकेचं कॅलेंडर होतं, धबधब्याचं. मी म्हटलं, नक्की फोटो होता. तिने कॅलेंडर आणलं होतं मागून. ते अजून आहे त्याच फाईलमध्ये.